तीव्र स्वमग्नतेसाठी वेगळा अधिकृत दिवस आहे का? आणि २ एप्रिलच्या कार्यक्रमात या मुलांना सामावून घ्यायचं कसं?

अनुबंध

नमस्कार मंडळी,

आमचा पालकगट जिल्ह्याच्या ठिकाणी दरवर्षी २ एप्रिलला जागतिक स्वमग्नता (ऑटिझम) दिन करतो. फेरी, चित्रकला, मुलांची गाणी, पाहुण्यांचं भाषण हा ठरलेला क्रम. ज्यांची मुलं चार शब्द बोलतात, रांगेत उभी राहतात, ती कुटुंबं येतात. जी मुलं अजिबात बोलत नाहीत, ज्यांना डायपर लागतो, जी डोकं आपटून घेतात किंवा हात सुटला की पळत सुटतात, त्यांच्या घरून त्या दिवशी कुणीच येत नाही. यात विशी-पंचविशीतली मोठी माणसंही आहेत. दिवस त्यांच्याही नावाचा, आणि तेच गैरहजर, हे आता खटकतंय.

म्हणून चार प्रश्न.

१. तीव्र स्वमग्नतेसाठी संयुक्त राष्ट्रांनी किंवा सरकारने वेगळा दिवस जाहीर केला आहे का? व्हॉट्सअ‍ॅपवर तसे निरोप फिरतात, पण तारखा जुळत नाहीत.
२. नसेल तर जिल्हा किंवा राज्य पातळीवर तशी मान्यता मागता येते का? अर्ज कुणाकडे करायचा?
३. २ एप्रिलचा कार्यक्रम या मुलांना झेपेल असा कसा आखायचा? कृपया बारीकसारीक तपशील द्या.
४. त्याच दिवशी दिव्यांग प्रमाणपत्राचं शिबिर ठेवावं का?

खडूफळा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिनदर्शिकेत स्वमग्नतेसाठी एकच दिवस आहे, २ एप्रिल. कतारने ठराव मांडला, आमसभेने तो १८ डिसेंबर २००७ रोजी मंजूर केला (ठराव क्र. ६२/१३९) आणि २००८पासून दिवस पाळला जाऊ लागला. सौम्य, मध्यम, तीव्र अशी फोड त्या ठरावात नाही. तेव्हा ‘युनोने जाहीर केलेला तीव्र स्वमग्नता दिन’ असा निरोप आला तर तो पुढे पाठवू नका.

१८ जूनचा ऑटिस्टिक प्राइड डे २००५पासून पाळला जातो. तो स्वमग्न व्यक्तींनी स्वतः सुरू केला, त्याला सरकारी शिक्का नाही, आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येणाऱ्यांचा आवाज त्यात साहजिकच जास्त ऐकू येतो.

तुमच्या गटाला उपयोगी पडतील अशा आणखी तारखा आहेत. ३ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन १९९२पासून आहे. त्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद काही ना काही कार्यक्रम घेतातच, त्यामुळे निवेदन द्यायला तो २ एप्रिलपेक्षा बरा. १७ नोव्हेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय अपस्मार (आकडी, फिट) दिन. तीव्र स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता एकत्र असलेल्यांत आकडीचं प्रमाण बरंच जास्त असतं, म्हणून आकडी आल्यावर काय करायचं याचं प्रात्यक्षिक त्या दिवशी ठेवता येईल. आणि २९ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय देखभाल आणि आधार दिन. आमसभेने तो २०२३ मध्ये जाहीर केला. मोठ्या झालेल्या मुलाची चोवीस तास काळजी घेणाऱ्या आईवडिलांसाठी माझ्या मते हाच दिवस सर्वांत नेमका आहे. आपल्याकडे तो फारसा कुणाला माहीत नाही.

वेगळ्या दिवसाची मागणी कुठून येते तेही पाहू. २०१३मध्ये डीएसएम-५ ही निदानपुस्तिका आली आणि आधीचे वेगवेगळे प्रकार ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एका नावाखाली आले. तीव्रतेसाठी तीन स्तर ठेवले, तिसरा सर्वाधिक आधार लागणाऱ्यांचा. व्यवहारात स्तराचा आकडा गळून जातो आणि ‘स्पेक्ट्रम’ एवढाच शब्द उरतो. मग नोकरी करणारा अभियंता आणि तिशीतही दात घासून द्यावे लागणारा माणूस एकाच शब्दात मावतात, आणि पोस्टरवर पहिलाच दिसतो. डिसेंबर २०२१मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने ‘प्रोफाउंड ऑटिझम’ ही संज्ञा सुचवली. तिचा अर्थ असा : काळजी घेऊ शकणारं मोठं माणूस चोवीस तास हाताशी लागतं, दैनंदिन गरजा स्वतः भागवता येत नाहीत, आणि बुद्ध्यंक ५०च्या खाली आहे किंवा बोलणं नसल्यात जमा आहे, किंवा दोन्ही. साधारण आठ वर्षांच्या पुढे हा शब्द वापरावा अशी शिफारस आहे, कारण त्याआधी भाषा कुठवर येईल ते सांगता येत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२३मध्ये तिकडच्या आठ वर्षांच्या मुलांच्या नोंदी या व्याख्येने तपासल्या, तेव्हा स्वमग्न मुलांपैकी २६.७ टक्के मुलं या गटात बसली. म्हणजे चारांत एक. भाषणात आकडा सांगायचा तर हा सांगा, पण अमेरिकेचा आहे हेही सांगा.

ही संज्ञा निदानाची नाही, सोयीसुविधा ठरवताना वापरायची आहे. डॉक्टरांकडून कागदावर ‘प्रोफाउंड’ लिहून घेण्याचा आग्रह धरू नका, आपल्याकडच्या प्रमाणपत्राला त्याचा उपयोग होत नाही.

हडसनकाठ

दुसऱ्या प्रश्नाबाबत अमेरिकेतली पद्धत सांगतो. ‘तिकडे जाहीर झाला’ असे निरोप बहुधा इथल्याच कागदांवरून निघतात.

इथे राज्याचा गव्हर्नर किंवा शहराचा महापौर उद्घोषणापत्र काढतो. मागणारा त्याच राज्याचा वा शहराचा रहिवासी असावा लागतो, अर्ज काही आठवडे आधी करायचा असतो, आणि मसुदाही बहुतेक वेळा मागणाऱ्यानेच द्यायचा असतो : ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारी चारसहा कलमं आणि शेवटी ‘त्याअर्थी अमुक दिवस जाहीर करण्यात येत आहे’. अशी उद्घोषणा सहसा त्या एका वर्षापुरती असते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. तिच्यामागे निधी नसतो, कायद्याचं बंधनही नसतं. त्यामुळे एका राज्यात एका वर्षी निघालेला कागद दुसऱ्या वर्षी जगभराचा दिवस होऊन फिरायला लागतो.

तरी कागद निरुपयोगी नाही. पालकसंघटना तो घेऊन प्रौढांच्या निवासी सोयींच्या बैठकीला जातात आणि ‘तुम्हीच हे मान्य केलंय’ म्हणून समोर ठेवतात. त्यासाठी मसुद्यात एक तरी कलम मोजता येईल असं हवं. ‘समाजाने प्रेमाने वागावं’ हे कलम पुढे कुठेही वापरता येत नाही. ‘२१ वर्षांनंतर शाळेची सेवा संपते आणि चोवीस तास आधाराची गरज संपत नाही’ हे येतं.

युनोचा नवा दिवस हवा असेल तर सदस्य देशाच्या सरकारनेच ठराव मांडावा लागतो. योगदिनाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे : सप्टेंबर २०१४मध्ये भारताने सूचना केली, ११ डिसेंबरला ठराव झाला, १७७ देश सहप्रस्तावक होते. संस्थेने न्यूयॉर्कला पत्र पाठवून काही होत नाही.

शिक्कामोर्तब

महाराष्ट्रात मागणी करायची तर आधार कायद्याचा घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ३९ जनजागृती मोहिमा राबवणं ही शासनाची जबाबदारी ठरवतं. अर्ज दिव्यांग कल्याण विभागाच्या सचिवांना करा आणि प्रती पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना व जिल्हाधिकाऱ्यांना द्या. डिसेंबर २०२२पासून आपल्याकडे हा स्वतंत्र विभाग आहे, समाजकल्याणच्या पत्त्यावर पाठवलेली पत्रं फिरत राहतात. गोव्यात राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जा. पणजीत जानेवारी २०२३पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव सुरू झाला, तेव्हा तिथल्या यंत्रणेला या विषयावर कार्यक्रम घेण्याची सवय आहे.

मात्र मी वेगळी तारीख मागणार नाही. ‘२ एप्रिलच्या शासकीय कार्यक्रमात तीव्र स्वमग्नता असलेल्या प्रौढांसाठी एक ठरावीक कृती असावी’ असं मागेन. तारखेसाठी शासन निर्णय लागतो. कृतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांचं एक पत्र पुरतं. उदाहरणार्थ, त्या आठवड्यात १८ वर्षांपुढच्यांच्या कायदेशीर पालकत्वाचे प्रलंबित अर्ज निकाली काढण्यासाठी स्थानिक स्तर समितीची (पालक नेमणारी जिल्ह्याची समिती) बैठक. अशी बैठक झाली तर दहा घरांचं काम होतं.

पत्राची वेळ सांभाळा. २ एप्रिल म्हणजे मार्चअखेरच्या लगेच नंतरचा दिवस. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दिलेलं पत्र कुणी उघडतही नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आवक क्रमांक घ्या. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांना स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. गाद्या, पडदे, कानावरचे हेडफोन अशा वस्तूंची मागणी त्यातून करता येते, पण ती डिसेंबर-जानेवारीतच नोंदवायला हवी. एप्रिलमध्ये मागाल तर पुढच्या वर्षावर जाते.

शिबिराबद्दल : त्या दिवशी तपासणीचं शिबिर ठेवू नका. आपल्याकडे स्वमग्नतेची मोजणी इसा या प्रश्नावलीवर होते. ४० विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ४० ते २००. ७०च्या खाली स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. हे नीट करायला मुलाला शांत खोलीत पाहावं लागतं आणि पालकांशी सविस्तर बोलावं लागतं. मांडवात रांगेत बसवून हे होत नाही. गोंधळात मूल नेहमीपेक्षा वेगळं वागतं, तपासणाऱ्याला घाई असते, आणि चुकीचा आकडा कागदावर आला की दुरुस्तीला महिने जातात.

त्याऐवजी ‘तपासणीची तयारी’ असं टेबल लावा. स्वावलंबन संकेतस्थळावर यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज भरून द्या, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, जुने वैद्यकीय कागद तपासून घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पालकांकडून एक पान लिहून घ्या : रोजच्या दहा कामांत मदत किती लागते. इथेच मोठी चूक होते. आई सवयीने सांगते, “आंघोळ करतो.” खोदून विचारलं तर पाणी ती ओतते, साबण ती लावते, तो फक्त उभा राहतो. “जेवतो” म्हणजे घास केलेला असतो. आपल्या लेकराचं चांगलंच सांगावं असं वाटणं स्वाभाविक आहे, पण कागदावर तेवढंच उतरतं आणि टक्केवारी घसरते. म्हणून ‘करतो’ हा शब्द बंद. ‘पाच वेळा सांगितल्यावर’, ‘हात धरून’, ‘पूर्ण दुसऱ्याने’ असं लिहा.

४० टक्क्यांपासून कायद्याचे लाभ सुरू होतात. ८० टक्के आणि पुढे यूडीआयडी कार्ड निळं मिळतं, आणि आयकराच्या जुन्या करपद्धतीत दिव्यांग मुलाच्या खर्चासाठी पालकांना मिळणारी वजावट ७५,००० ऐवजी १,२५,००० रुपये होते. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३८ मध्ये ‘उच्च आधाराची गरज’ ही तरतूद आहे. त्या व्यक्तीच्या वतीने दुसरं कुणी किंवा संस्थाही अर्ज करू शकते. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठीच ती आहे, तरी फार कमी पालकांना ठाऊक असते.

दुसरं टेबल पालकत्वाचं. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, बँकेत आणि मिळकतीच्या कामात अडतं. नॅशनल ट्रस्ट अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा, समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. नेमणुकीचा कागद मिळाला की सगळे कपाटात ठेवतात, हिशेबाचं कुणी सांगत नाही, ते तुम्ही सांगा. तिसरं टेबल नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्यविम्याचं : एक लाखापर्यंत, थेरपी आणि बाह्यरुग्ण खर्चासकट. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. तारीख चुकली की लाभ थांबतो, म्हणून गटाने एक वही ठेवून महिनाभर आधी फोन करावेत.

पिंपळपान

तिसऱ्या प्रश्नावर लिहिते. मुळात एक गोष्ट ठरवा : कार्यक्रम दोन भागांत करा. ९.३० ते १०.४५ कुटुंबांचा वेळ, ११.३०ला पाहुणे आणि भाषणं. दोन्हींची सांगड घालू नका. पाहुणे चाळीस मिनिटं उशिरा येतात, तोवर मुलं थांबून थांबून कोसळतात, आणि नंतर ‘यांना आणायलाच नको होतं’ असं बोललं जातं. दोष थांबायला लावण्याचा असतो. दुपारी कार्यक्रम नको : एप्रिलचं ऊन, औषधांची गुंगी आणि जेवणाची बदललेली वेळ एकत्र येतात. सव्वा तास पुरे.

जागा. मंगल कार्यालयाचा मोठा हॉल घेऊ नका, आवाज घुमतो. शाळेचे तळमजल्यावरचे लागून असलेले दोन वर्ग उत्तम. आदल्या दिवशी जाऊन दिवे लावून बघा, लुकलुकणारी किंवा गूं आवाज करणारी ट्यूब काढून टाका. फिनेल आदल्या संध्याकाळीच मारून घ्या. वीज जाते त्या भागात जनरेटर खिडकीपासून लांब ठेवा. आवारात उघडी विहीर, हौद, पाण्याची टाकी आहे का बघा. निसटून गेलेली स्वमग्न मुलं पाण्याकडे ओढली जातात आणि बुडणं हे अशा मृत्यूंचं मोठं कारण आहे. उघडं पाणी असेल तर जागा बदला. ‘लक्ष ठेवू’ म्हणू नका. प्रत्येक फाटकाशी दोन माणसं, दोघांना दुसरं कुठलंही काम नाही. कुलूप मात्र लावू नका, आग लागली तर अनर्थ. मुलाच्या मनगटावर पालकांच्या फोन नंबरची कापडी पट्टी बांधा. मनगटावर सहन होत नसेल तर पायजम्याच्या मागच्या पट्ट्याला शिवा.

काय वगळायचं. फुगे (फुटतात), ढोल-लेझीम, टाळ्या, शिट्टी मारणारा माइक. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवा. औक्षण नको : चेहऱ्याजवळ ज्योत आणि कपाळावर अनोळखी बोट, दोन्ही असह्य. पुष्पगुच्छाचा कुरकुरणारा कागदसुद्धा नको. निळे टी-शर्ट वाटायचे तर आठवडाभर आधी द्या, दोनदा धुवा, मानेमागचं लेबल शिवणीपासून उसवून काढा. कात्रीने कापलं तर उरलेलं टोक टोचत राहतं. छातीवरचं जाड रबरी छापकाम टाळा, घाम आला की ते चिकटतं आणि मूल शर्ट फाडतं. सगळ्यांत सोपं म्हणजे टी-शर्ट मोठ्यांनी घालावेत.

खोल्या. पहिल्या वर्गात खेळ : तांदळाची परात, पाण्याचा टब, मऊ चेंडू, झोका टांगता आला तर झोका. टिकल्या, मणी, थर्मोकोल, टाचण्या, बटणासारखे सेल एकही नको, तोंडात जातात. गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो, दोन तासांतही. दुसरा वर्ग शांत खोली. जाड पडदे, जमिनीवर गाद्या, भिंतीला टेकवून आणखी दोन गाद्या उभ्या. एका वेळी एकच मूल आणि त्याचं माणूस. बघायला कुणी जायचं नाही.

शौचालय. यावरच मोठ्या मुलांच्या आया येणार की नाही ते ठरतं. वीस वर्षांच्या मुलाला आई पुरुषांच्या बाजूला नेऊ शकत नाही, बायकांच्या बाजूला त्याला नेता येत नाही. एक शौचालय फक्त कुटुंबांसाठी राखीव ठेवा. शेजारी पडद्याआड सहा फुटी गादी, वर रेक्झिन, ओले रुमाल, हातमोजे, झाकणाची बादली, पाण्याची सोय. आमंत्रणातच लिहा की मोठ्यांचा डायपर बदलण्याची जागा आहे. एवढं वाक्य वाचून घरं यायला तयार होतात.

क्रम कळणं. चार चित्रं पुठ्ठ्यावर वेल्क्रोने : गाडी, खेळ, खाऊ, घर. शक्य तिथे त्याच जागेचे फोटो. तीन दिवस आधी घरी पाठवा. एक गोष्ट झाली की चित्र काढून ‘झालं’ पाकिटात टाकायचं. ‘घर’चं चित्र दिसत राहिलं की मूल टिकतं, कारण हे संपणार आहे हे त्याला कळतं. खाऊ घरचाच डबा. अनेक मुलं तीनचारच पदार्थ खातात, उपमा वाटून उपयोग नाही.

स्वयंसेवक. एका कुटुंबामागे एक, शिवाय तीन मोकळे. आदल्या दिवशी तासभर शिकवा. तीन शब्दांहून मोठं वाक्य नाही. सांगितल्यावर मनात दहा मोजायचे, तोवर पुन्हा सांगायचं नाही. मागून हात लावायचा नाही. ‘माझ्याकडे बघ’ म्हणायचं नाही. चावा बसला तर हात मागे खेचू नका, कातडी फाटते. किंचित तोंडाच्या दिशेने दाबा, जबडा सैल पडतो. डोकं आपटायला लागला तर भिंत आणि डोकं यांच्यामध्ये उशी, बाकीची गर्दी बाहेर, बोलणं बंद. पालथं पाडून दाबून धरणं कधीही नाही, श्वास कोंडून जीव जाऊ शकतो. आकडी आली तर कुशीवर वळवा, कॉलर सैल करा, घड्याळ लावा. तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल काही नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

आणि पालकांना येताना एकच विचारा, “आज पोट साफ झालंय का, दात-कान दुखतोय का?” न बोलणाऱ्या मुलाचा अचानक चढलेला आक्रस्ताळेपणा बऱ्याचदा दुखण्याचा असतो. तसं असेल तर त्या दिवशी डॉक्टरकडे जाणं जास्त गरजेचं.

अनुबंध

सगळ्यांचे मनापासून आभार. शौचालयाचा मुद्दा आमच्या यादीतच नव्हता. दोन शंका : फोटोंचं काय करावं? वर्तमानपत्राला हवे असतात. आणि एका कुटुंबाची इच्छा आहे की त्यांचा न बोलणारा मुलगा मंचावर आईच्या मदतीने टाइप करून मनोगत मांडेल. ठेवावं का?

रानजाई

फोटो : संमती लेखी, आणि वापर कुठे होणार तेही त्यात लिहिलेलं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लहान मुलांसाठी पालकांची आणि कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी त्या पालकाची संमती सांगितली आहे. पण संमती असली तरी कोसळलेल्या क्षणाचा, अर्धवट कपड्यांतला, डायपर दिसणारा फोटो घ्यायचाच नाही. तो विशीत कसा दिसला हे तो चाळिशीत पुसू शकणार नाही. वर्तमानपत्राला दोन फोटो आधीच काढून ठेवा : पाठमोरं मूल तांदळाच्या परातीत हात घालून बसलेलं, चित्रांच्या पट्टीचा जवळून. बातमीला तेवढे पुरतात. ११.३०च्या आधी छायाचित्रकाराला आत घेऊ नका.

टाइप करण्याबद्दल : हात, मनगट किंवा कोपर दुसऱ्याने धरलेलं असेल तर ठेवू नका. ही पद्धत फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन म्हणून ओळखली जाते. नियंत्रित चाचण्यांत दोघांना वेगवेगळी चित्रं दाखवली तेव्हा टाइप झालं ते धरणाऱ्याने पाहिलेलं चित्र. आईचा हेतू वाईट नसतो, बोट नकळत वळतं. वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०१८मध्ये या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. अडचण खोट्या मनोगतापुरती नाही. त्या मुलाला खरंच काय म्हणायचंय ते त्याखाली दबतं. कुटुंबाला हे सर्वांसमोर सांगू नका, घरी जाऊन सांगा.

त्याऐवजी त्याला स्वतःच्या हाताने जे दाखवता येतं ते मंचावर असू द्या. दोन चित्रकार्डं, ‘पाणी’ आणि ‘घर’. त्याने ‘घर’ला हात लावला तर कार्यक्रम त्याच्यापुरता संपला, त्याला लगेच घरी जाऊ द्या. समोरच्या लोकांना संवाद म्हणजे काय ते यातून कळेल. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांवरून बोलणारं मोफत ॲप मराठीतही आहे, ते एका टेबलावर पालकांना दाखवा. सुरुवात सहाच चित्रांनी करा, आणि त्यातलं एक ‘नको’ असू द्या. घरोघरी ‘दे’ शिकवलं जातं, ‘नको’ राहून जातं, आणि मग ते चावून सांगावं लागतं.

‘तीव्र’ या शब्दावरही थोडं. बोलणाऱ्या स्वमग्न प्रौढांपैकी अनेकांना तो खुपतो, त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे : एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, आणि तीव्र म्हटलं की लोक शिकवणं सोडून देतात. दुसरीकडे, शब्दच नसेल तर गरज कागदावर येत नाही. म्हणून अर्जात ‘तीव्र स्वमग्नता, चोवीस तास आधाराची गरज’ असं लिहावं आणि मुलाच्या समोर, मंचावरून, त्याचं नावच घ्यावं. तो बोलत नाही याचा अर्थ त्याला ऐकू येत नाही असा नाही.

शिक्कामोर्तब

रानजाईंशी सहमत. एक भर : अर्जात त्या वाक्यापुढे संख्या लिहा. ‘आमच्या गटातील अमुक व्यक्ती १८ वर्षांवरील, त्यांपैकी अमुक जणांचे कायदेशीर पालकत्व बाकी, अमुक जणांकडे यूडीआयडी नाही.’ ही मोजणी फोनवरून दोन संध्याकाळी होते. जानेवारीअखेर करून ठेवा, म्हणजे फेब्रुवारीत पत्राला जोडता येईल.

पिंपळपान

आणि जी घरं तरीही येऊ शकणार नाहीत, त्यांच्याकडे २ एप्रिलच्या संध्याकाळी दोघंच जण जा. हार-तुरे नकोत. फोन करून वेळ विचारा, चपला दाराबाहेर, आवाज हळू. तासभर तुम्ही मुलाजवळ बसा, त्याच्या सवयी आईकडून आधी लिहून घ्या, आणि आईला बाहेर जाऊन येऊ द्या. पहिल्या वेळी ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच जाईल.